नोटा कोणीं छापाव्या? लिस्बनचें १९२५ चें प्रकरण व नोटाकारांच्या मान्यतेचे नियम

मराठेशाहींतील रुपयांचे प्रकार, त्यांचीं वजनें, कस व बट्टा ह्यांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु रुपया पाडण्याचा अधिकार कोणास, कोणत्या अटींवर व कोणाच्या देखरेखीखालीं मिळे, हा प्रश्न बहुधा तळटीपेंतच राहतो. धातूच्या नाण्याच्या बाबतींत हें क्षम्य आहे. रुपया कोणींही पाडलेला असो, सराफ तो वाजवून, तोलून, कसोटीस लावून त्याची किंमत सांगूं शकतो. कागदी चलनास हा न्याय लागू पडत नाहीं. नोटेचा कागद, शाई व मजुरी ह्यांची किंमत तिच्या अंगावरील आंकड्याच्या मानानें नगण्य असते. तिला मोल येतें तें एवढ्याच कारणानें कीं, ती योग्य अधिकाऱ्याच्या आज्ञेवरून व ठरलेल्या संख्येंत छापली गेली. त्याच कारखान्यानें, त्याच ठशावरून, त्याच कागदावर आज्ञेवांचून एक नोट अधिक छापली, तर ती खरी कीं खोटी हें सांगणारा सराफ पृथ्वीच्या पाठीवर मिळणें कठीण.

म्हणून नोटा छापणारे, त्यांचा कागद करणारे, त्यांतील तंतु व शाई पुरविणारे ह्यांस कोणत्या नियमांनीं मान्यता द्यावी, हा चलनाच्या इतिहासांतील एक मुख्य प्रश्न आहे असें आम्हांस वाटतें. ह्या नियमांचा विचार करतांना लोकांच्या डोळ्यांपुढें अंधाऱ्या खोलींत बसून नोटा काढणारा बनावटखोर येतो. आमचें म्हणणें असें कीं, त्याच्यासाठीं पोलीस पुरेसे आहेत. मान्यतेच्या नियमांची खरी कसोटी प्रतिष्ठित व निष्कपट कारखान्याच्या दारांत लागते. ह्याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे १९२५ सालीं पोर्तुगालांत उघडकीस आलेलें प्रकरण. त्याचा तपशील पुढें देतोंच; परंतु धातूच्या काळांत ह्या प्रश्नाचा विचार कसा झाला होता हें आधीं थोडक्यांत पाहणें अवश्य आहे.

कौटिलीय अर्थशास्त्रांत नाणीं पाडण्याचें काम लक्षणाध्यक्षाकडे व त्यांची परीक्षा रूपदर्शकाकडे सोंपविली आहे. पाडणारा एक व पारखणारा दुसरा, हा भेद तेथें स्पष्ट आहे. खोटें नाणें करविणारा, घेणारा व चालविणारा ह्यांस एक सहस्र पणांचा दंड सांगितला असून, तेंच नाणें राजकोशांत घुसडणारास मात्र देहान्त शासन आहे. ह्या तारतम्याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. बाजारांत खोटें नाणें चाललें तर एका मनुष्याचें नुकसान. कोशांत शिरलें तर राज्याच्या पतीसच भोंक.

ह्याहून आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें अक्षशालेचें प्रकरण. अक्षशाला ही टांकसाळ नव्हे. सोन्यारुप्याच्या कामाची ती राजशाला. परंतु मौल्यवान द्रव्य कारागिराच्या हातीं देऊन तें मोजून परत कसें घ्यावें, हाच तेथील प्रश्न. तिला द्वार एकच असावें व आंतील चार कामशाळा परस्परांशीं जोडलेल्या नसाव्या. नेमणूक नसलेल्या मनुष्यानें तेथें जाऊं नये. कारागिरांचीं वस्त्रें, हात व गुह्य स्थानें झडून मगच त्यांना आंत घ्यावें व बाहेर सोडावें. त्यांचीं हत्यारें व अर्धवट राहिलेलें काम तेथेंच राहावें. घेतलेलें सोनें व झालेलें काम तोलून द्यावें आणि सकाळसंध्याकाळ तें करणारा व करविणारा ह्या दोघांच्याही मुद्रांनीं बंद करावें. ही दोन मुद्रांची युक्ति फार मार्मिक आहे. कारागिरावर अविश्वास दाखवावयाचा तर एक अधिकाऱ्याची मुद्रा पुरे होती. दोन मुद्रा सांगणारा ग्रंथकार अधिकाऱ्यावरही तितकाच अविश्वास दाखवीत आहे.

मराठेशाहींत टांकसाळी मक्त्यानें दिल्या जात. न्यायमूर्ति रानडे ह्यांनीं १८९९ सालीं मराठ्यांच्या टांकसाळी व नाणीं ह्यांवर जो निबंध वाचला, त्यांत पेशव्यांच्या रोजनिशींतील उतारे दिले आहेत. १७४४ च्या सुमारास नागोठणें व रेवदंडा येथील टांकसाळींचे मक्ते तीन वर्षांच्या मुदतीनें व दरसाल चढत्या रकमेनें दिलेले त्यांत दिसतात. मक्तेदारानें काय पाडावें व किती वजनाचें पाडावें हें लिहून दिलेलें असे. पुढें धारवाड प्रांतांत खासगी टांकसाळी बोकाळून हिणकस नाणें वाढलें, तेव्हां त्या बंद करून एकाच ठिकाणीं टांकसाळ ठेवण्याचा हुकूम झाला. ह्यावरून मान्यता देणें व काढून घेणें ह्या दोन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांस ठाऊक होत्या हें उघड आहे. मात्र त्यांच्या पाठीशीं सराफकट्टा होता. मक्तेदारानें चांदी मारली तर रुपयास बट्टा बसे आणि लबाडी आपोआप उघडी पडे. नोटेवर बट्टा बसूं लागतो तो सगळ्याच नोटांवर एकदम. चोर व साव ह्यांत भेद करण्याची सोय तेथें नाहीं.

आतां कागदाकडे वळूं. बँक ऑफ इंग्लंडनें १७२४ सालीं आपल्या नोटांच्या कागदाचें काम हेन्री पोर्तल ह्यास दिलें. हा फ्रान्सांतून आश्रयास आलेल्या प्रॉटेस्टंटांपैकीं. हॅम्पशर परगण्यांत लेव्हरस्टोक येथें त्याची गिरणी होती. त्यानंतर हें काम त्याच घराण्याकडे व त्याच्या नांवाच्या कंपनीकडे पिढ्यानुपिढ्या राहिलें. १८६१ च्या कायद्यानें हिंदुस्थान सरकारनें नोटा काढण्याचा हक्क आपणाकडे घेतला, तेव्हां व्हिक्टोरिया राणीच्या चित्राच्या त्या नोटाही लेव्हरस्टोकच्याच हातकागदावर निघाल्या व विलायतेंत छापल्या गेल्या. अशा ह्या व्यवस्थेचा पाया काय होता? घराण्याची अब्रू, पिढीजात ओळख आणि बनावटीविरुद्ध कडक कायदा. कारखाना मान्य करावयाचा तो त्याचें नांव पाहून. विसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनचे मोठे मुद्रक जगांतील निरनिराळ्या राष्ट्रांच्या नोटा छापीत, ते ह्याच भरंवशावर. त्यांपैकीं वॉटरलो अँड सन्स हें एक अग्रगण्य घर. लिस्बनच्या प्रकरणाचा संबंध ह्याच घराशीं आहे.

आर्तुर आल्वेस रेइस हा लिस्बनचा तरुण. अभियांत्रिकीची, ऑक्सफर्डच्या नांवाची, एक पदवी स्वतःच बनवून तो १९१६ सालीं आंगोला ह्या पोर्तुगीज वसाहतींत गेला. कागद खोटा असला तरी त्यावर शिक्के भरपूर असले म्हणजे लोक मान तुकवितात, हें ज्ञान त्यास तेथें मिळालें. १९२४ सालीं पैशाच्या एका अफरातफरीवरून तो पोर्तो येथें कांहीं आठवडे तुरुंगांत होता. तेथें त्यास कल्पना सुचली ती अशी: नोटा आपण कशाला बनवाव्या? जो कारखाना पोर्तुगालच्या बँकेच्या खऱ्या नोटा छापतो, त्याच्याच कडून त्या छापून घ्याव्या. बनावट करावयाची ती नोटेची नव्हे, हुकुमाची.

आंगोलाची तिजोरी त्या वेळीं खरोखरच ओढगस्तीची होती. त्याचा उपयोग करून रेइसनें एक करारपत्र रचलें. आंतरराष्ट्रीय धनिकांच्या एका मंडळानें आंगोलास कर्ज द्यावें व त्याच्या मोबदल्यांत पोर्तुगालच्या बँकेनें तितक्या नोटा छापवून घेण्याचा अधिकार त्यांस द्यावा, असा त्याचा आशय. मुद्रांकित कागद, नोटरीची साक्ष, परकीय वकिलातींचे शिक्के, सर्व कांहीं त्यावर होतें; बँकेच्या अधिकाऱ्यांच्या सह्या तेवढ्या खोट्या होत्या. सह्यांचा नमुना शोधण्यास त्यास दूर जावें लागलें नाहीं; त्या प्रत्येक नोटेवर छापलेल्याच होत्या. कारेल मारांग नांवाचा डच व्यापारी, हेन्नीस हें नांव घेऊन वावरणारा एक जर्मन आणि जुझे बांदेइरा हे त्याचे साथीदार. बांदेइराचा भाऊ हेग येथें पोर्तुगालचा वकील होता, त्यामुळें परराष्ट्रवकिलातीचें वजनही ह्या मंडळीस लाभलें.

मारांग प्रथम हार्लेमच्या एन्स्खेदे ह्या जुन्या डच मुद्रकाकडे गेला. हें काम लंडनचें आहे असें सांगून त्यांनीं त्यास वॉटरलोकडे धाडलें आणि वर ओळखपत्रही दिलें. डिसेंबर १९२४ च्या आरंभीं मारांग सर विल्यम वॉटरलोपुढें बसला होता. प्रतिष्ठितानें प्रतिष्ठिताकडे पाठविलेला मनुष्य; त्याच्यावर संशय कोण घेणार? मामला राजकीय असल्यानें अत्यंत गुप्त ठेवावा व बँकेशीं होणारा पत्रव्यवहार आपल्याच हातून व्हावा, अशी विनंति त्यानें केली. थोड्याच दिवसांनीं पोर्तुगालच्या बँकेचे गव्हर्नर कामाशो रॉद्रिगेस ह्यांच्या सहीचें संमतिपत्रही मारांगच्याच हातून आलें. तें अर्थातच रेइसच्या लेखणींतून उतरलें होतें. कंपनीच्या लिस्बन येथील प्रतिनिधीनें ह्या व्यवहाराविषयीं शंका कळविली होती. तिचा उपयोग झाला नाहीं.

नोट ठरली पांचशें एश्कुदोंची, म्हणजे त्या वेळच्या सुमारें पांच पौंडांची. तिच्यावर वास्को द गामाचें चित्र होतें. ह्या दर्यावर्द्याचा मृत्यु कोचीन येथें २४ डिसेंबर १५२४ रोजीं झाला. म्हणजे त्याच्या मरणास चारशें वर्षें पुरीं होत असतांनाच त्याच्या मुखवट्याखालीं ही दुसरी सफर निघाली. वॉटरलोनें ह्याच नोटा बँकेच्या खऱ्या मागणीवरून आधीं छापल्या होत्या, त्यामुळें ठसे तयार होते. पूर्वीच्याच अनुक्रमांकांच्या नोटा पुन्हां छापल्या तर घोटाळा होणार नाहीं काय, ह्या शंकेस उत्तर असें मिळालें कीं, ह्या नोटा आंगोलासाठीं आहेत. त्यांवर मागाहून ‘आंगोला’ हा शब्द छापला जाईल.

येथें क्षणभर थांबलें पाहिजे, कारण हें उत्तरच सगळें बिंग फोडणारें होतें. पोर्तुगालच्या बँकेस आंगोलांत नोटा काढण्याचा हक्कच नव्हता. वसाहतींतील नोटांचा हक्क बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु ह्या निराळ्या बँकेकडे होता. ही बँक १८६४ सालीं स्थापन झाली व चारच वर्षांनीं तिची शाखा पणजीस उघडली. गोव्यांतील रुपियांच्या नोटांवर तिचेंच नांव छापलेलें असे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारांतील एखाद्या दुकानदारासही हें ठाऊक असावयाचें. नोटा छापण्यांत ज्यांचा जन्म गेला, त्या लंडनच्या घरानें मात्र तेवढी विचारपूस केली नाहीं. पुढें न्यायालयांतही ह्या गोष्टीची चर्चा झाली.

फेब्रुवारी १९२५ मध्यें पहिला हप्ता मारांगच्या हवालीं झाला. पहिली मागणी दोन लाख नोटांची होती. त्याच वर्षीं दुसरी तीन लक्ष ऐशीं हजारांची आली. एकूण पांच लक्ष ऐशीं हजार नोटा, म्हणजे एकोणतीस कोटि एश्कुदो. त्यांतून रेइसनें ‘आंगोला इ मेत्रोपोले’ ह्या नांवाची आपली स्वतःची बँक काढली, घरें व कारखाने विकत घेतले, आंगोलांत मोठमोठ्या योजनांच्या गोष्टी बोलूं लागला. इतकेंच नव्हे तर, पोर्तुगालच्या बँकेचेच भाग तो गुपचूप विकत घेऊं लागला. त्यांतील मख्खी अशी कीं, बनावट नोटांविषयीं फिर्याद करण्याचा अधिकार त्या बँकेचा. ती बँकच आपल्या हातीं आली तर फिर्याद करणार कोण? कोशांत खोटें नाणें घुसडणारास कौटिल्यानें निराळी शिक्षा कां सांगितली, हें ह्या ठिकाणीं चांगलें उमगतें.

बाजारांत अफवा उठल्या तेव्हां कांहीं नोटांची तपासणी झाली. तज्ज्ञांनीं त्या खऱ्या ठरविल्या. तज्ज्ञ चुकले असें म्हणतां येत नाहीं, कारण कागद, शाई व ठसा हीं सर्व खरींच होतीं. १९२५ च्या नोव्हेंबरांत ‘ओ सेकुलो’ ह्या लिस्बनच्या वृत्तपत्रानें ह्या नव्या बँकेवर लेख सुरू केले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत पोर्तो येथील तिच्या शाखेची झडती झाली, आणि नोटा अनुक्रमांकांनीं लावून पाहतां पाहतां एकाच आंकड्याच्या दोन नोटा हातीं आल्या. सगळा डोलारा त्या एका जोडीनें खालीं आला. रेइस आंगोलाहून परत येत असतां जहाजावरच पकडला गेला. १९३० सालीं त्यास वीस वर्षांची शिक्षा झाली. १९४५ मध्यें तो सुटला व १९५५ मध्यें मरण पावला.

नोटा बाजारांत गेल्यावर बँकेपुढें दोनच मार्ग होते. वास्को द गामाच्या नोटा नाकारल्या तर खऱ्या नोटा बाळगणारे निरपराध लोक बुडणार; स्वीकारल्या तर बँक बुडणार. बँकेनें त्या सर्व नोटा चलनांतून काढून, सुमारें वीस दिवसांच्या मुदतींत आणून देणारास दुसऱ्या प्रकारच्या नोटा बदलून दिल्या. अशा रीतीनें आज्ञेवांचून छापलेल्या दोन लाखांहून अधिक नोटांचें पूर्ण मोल तिनें चुकविलें. पुढल्याच मे महिन्यांत पोर्तुगालचें प्रजासत्ताक लष्करी उठावानें कोसळलें आणि १९२८ सालीं सालाझार अर्थमंत्री झाला. ह्या उलथापालथीचीं कारणें अनेक होतीं. परंतु लोकांचा राज्यकर्त्यांवरील विश्वास उडण्यास ह्या प्रकरणानें हातभार लावला ह्यांत संशय नाहीं. त्याच सालाझारच्या राजवटीशीं १९६१ पर्यंत गोव्यास झगडावें लागलें.

पोर्तुगालच्या बँकेनें लंडनच्या न्यायालयांत वॉटरलोवर दावा लाविला. त्यांतील वाद आमच्या मतें ह्या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. वॉटरलोचें म्हणणें असें: बँकेच्या नोटेच्या बदल्यांत सोनें देण्याचें बंधन त्या काळीं बँकेवर नव्हतें. तिनें लोकांस दिलीं तीं कागदाचीं पत्रें; तीं पुन्हां छापून घेण्यास जो खर्च लागला, म्हणजे सुमारें नऊ हजार पौंड, तेवढेंच तिचें नुकसान. न्यायमूर्ति राइट ह्यांनीं हें न मानतां ५,३१,८५१ पौंड भरपाई ठरविली. अपील न्यायालयानें ती तीन लक्षांवर आणली. शेवटीं १९३२ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें ती वाढवून ६,१०,३९२ पौंड केली. लॉर्ड चॅन्सेलर सँकी, लॉर्ड अ‍ॅटकिन व लॉर्ड मॅकमिलन हे तिघे एका बाजूस. लॉर्ड वॉरिंग्टन व लॉर्ड रसेल हे दोघे छपाईच्या खर्चाहून अधिक नुकसान मानण्यास तयार नव्हते.

पांचांपैकीं दोन श्रेष्ठ न्यायाधीशांस नोट म्हणजे छापील कागद वाटावी, ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. सोन्याचा आधार काढून घेतल्यावर नोटेचें मोल कोठें राहतें, हा प्रश्न खरोखरच अवघड आहे. बहुमताचें उत्तर थोडक्यांत असें कीं, तें बँकेच्या पतींत राहतें. बँकेनें आपली नोट चलनांत सोडली म्हणजे तिनें तितक्या खरेदीशक्तीचें देणें पत्करलें. वॉटरलोनें तें तिच्यावर तिच्या इच्छेविरुद्ध लादलें. आम्हांस बहुमताचाच पक्ष ग्राह्य वाटतो. त्यावरून निघणारा सिद्धान्त असा कीं, नोटा छापणारा कारखाना केवळ शाई व कागद हाताळत नाहीं. दुसऱ्याच्या पतीची किल्ली त्याच्या कपाटांत असते. सर विल्यम स्वतः लबाड नव्हते. ते १९२९-३० मध्यें लंडनचे लॉर्ड मेयर झाले व शेवटचा निकाल लागण्यापूर्वींच १९३१ सालीं वारले. वॉटरलोचें नोटांचें खातें १९६१ मध्यें डी ला रू ह्या कंपनीनें घेतलें. पोर्तल कंपनीही १९९५ मध्यें तिच्याचकडे गेली, पुढें कागदाची गिरणी पुन्हां वेगळी झाली, आणि २०२२ मध्यें तिनें नोटांचा कागद करणें सोडलें. घराण्याच्या नांवावर मान्यता देण्याचा काळ असा दोन बाजूंनीं संपला.

त्याच्या जागीं काय आलें हें पाहावयाचें तर युरोपच्या मध्यवर्ती बँकेचे नियम पाहावे. युरोची नोट अनेक राष्ट्रांत, अनेक कारखान्यांत होते. तिचा कागद एकीकडे, तंतु दुसरीकडे, चकचकीत पट्टी तिसरीकडे. त्यामुळें एका राजाची एक टांकसाळ हा जुना तोडगा तेथें चालण्यासारखा नव्हता. सुरक्षिततेची मान्यता, गुणवत्तेची मान्यता, पर्यावरण व कामगारांचें आरोग्य ह्यांची मान्यता, असे निरनिराळे नियम प्रथम झाले. डिसेंबर २०१३ च्या निर्णयानें ते एकत्र केले गेले व एप्रिल २०२० च्या निर्णयानें त्यांची पुन्हां मांडणी झाली.

त्यांतील पहिलें तत्त्व असें कीं, मान्यता कंपनीच्या नांवास नसून विशिष्ट जागेस व विशिष्ट कामास असते. एका गांवच्या कारखान्यास कागद करण्याची मान्यता मिळाली म्हणून त्याच मालकाच्या दुसऱ्या गांवच्या कारखान्यास ती लाभत नाहीं, आणि कागदवाल्यास छपाई करतां येत नाहीं. ज्यानें पूर्वीं हें काम केलेलें नाहीं त्यास आधीं तात्पुरती मान्यता मिळते. प्रत्यक्ष काम चालू असतां तपासणी होते, मगच ती पक्की होते. काम परस्पर दुसऱ्याकडे सोंपविण्यास किंवा दुसऱ्या जागीं हलविण्यास बँकेची पूर्वसंमति लागते. तयार माल, अर्धा माल, रद्दी, सर्वांचा हिशेब जुळावा लागतो. तो न जुळल्यास मान्यता स्थगित करण्याची, काढून घेण्याची व दंडाचीही तरतूद आहे. अक्षशालेचें एकच द्वार, अलग कामशाळा आणि अर्धवट काम आंतच ठेवण्याचा दंडक ह्यांचें स्मरण येथें कोणासही होईल. परंतु त्यावरून हे नियम आमच्या ग्रंथांतून उचलले असें म्हणण्याची जी खोड आपल्यांतील कांहींस आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. सारखें भय असलें म्हणजे सारखी युक्ति सुचते, इतकेंच.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा नियम मात्र दिसण्यांत अगदीं साधा आहे. मान्यताप्राप्त कारखान्यानें मागणी कोणाची घ्यावी हें त्यांत नांवानिशीं सांगितलें आहे: युरोपच्या मध्यवर्ती बँकेची, त्या चलनांतील राष्ट्रांच्या मध्यवर्ती बँकांची, ज्या राष्ट्राचा प्रवेश ठरला आहे त्याच्या बँकेची त्या मंडळाच्या संमतीनें, आणि ज्यास त्या मालाची आपल्या कामासाठीं गरज आहे अशा दुसऱ्या मान्यताप्राप्त कारखान्याची. ह्यांपलीकडे कोणाचीही नाहीं. मध्यस्थ, मुखत्यार, धनिकांचें मंडळ, वकिलातीचा मनुष्य ह्यांपैकीं एकासही त्या यादींत स्थान नाहीं. हा एक नियम १९२४ मध्यें लंडनांत असता, तर मारांगच्या पेटींतील करारपत्र कितीही शिक्क्यांचें असलें तरी सर विल्यमांस तें उघडून पाहण्याचेंच कारण नव्हतें. कुलपें, पहारे, झडत्या हीं सर्व वॉटरलोकडेही होतीं. त्यांच्या कारखान्यांतून एकही नोट चोरीस गेली नाहीं. माल गेला तो पावती देऊन, पुढच्या दारानें.

आपल्या देशानें निराळा मार्ग धरला. ज्या १९२५ सालीं लिस्बनचा स्फोट झाला, त्याच सुमारास नाशिक रोड येथें सरकारी छापखाना उभा राहून तिकिटें निघूं लागलीं, आणि १९२८ पासून तेथें नोटा छापल्या जाऊं लागल्या. रिझर्व्ह बँक १९३५ सालीं सुरू झाली. तिच्या १९३४ च्या कायद्यांतील बाविसाव्या कलमानें नोटा काढण्याचा एकाधिकार तिला दिला, तर पंचविसाव्या कलमानें नोटेचें रूप व द्रव्य ह्यांस मध्यवर्ती सरकारची मान्यता लागते असें ठरविलें. काढणारा एक व संमति देणारा दुसरा. पुढें देवास येथें नोटांचा छापखाना झाला. १९९५ मध्यें रिझर्व्ह बँकेनें स्वतःची मुद्रण कंपनी काढली व पुढल्याच वर्षीं म्हैसूर आणि सालबोनी येथें तिचे छापखाने सुरू झाले. नाशिक व देवास २००६ पासून सरकारच्याच एका महामंडळाखालीं आहेत.

छापखाना घरचा झाला म्हणजे प्रश्न संपतो अशी समजूत असेल तर ती बरोबर नाहीं. नाशिकास नोटा छापल्या जात असतां त्यांचा कागद चाळीस वर्षें परदेशाहूनच येई. होशंगाबादची कागदाची गिरणी १९६८ च्या सुमारास चालू झाली, तरी तिच्यानें सगळी गरज भागली नाहीं. म्हैसूरची नोटांच्या कागदाची गिरणी तर २०१५ नंतरची. मध्यंतरीं १९९७-९८ मध्यें शंभर व पांचशें रुपयांच्या नोटाच परदेशी कारखान्यांकडून छापवून आणाव्या लागल्या, आणि त्यावर संसदेच्या समितीनें पुढें कडक ताशेरे ओढले. समितीचें भय असें होतें कीं, आपला ठसा परक्याच्या हातीं एकदां गेला म्हणजे त्यानें मागितल्या तेवढ्याच नोटा छापल्या कशावरून? वॉटरलोच्या प्रकरणास तेव्हां सत्तर वर्षें लोटलीं होतीं.

कागदाची, तंतूची व शाईची खरेदी हीं ह्या विषयाचीं उपेक्षित अंगें आहेत. छापखान्याच्या दाराशीं पहारा असतो हें सर्वांस दिसतें. कागदाच्या गाडीबरोबर कोणाची पावती असते, रद्दी कोणासमक्ष जाळली जाते, मागणीपत्र कोणत्या वाटेनें येतें, ह्याकडे इतिहासकाराचें लक्ष जात नाहीं. पेशवे दप्तरांतील टांकसाळींच्या सनदा व कतबे ह्याच दृष्टीनें पुन्हां वाचण्यासारखे आहेत. मक्तेदारानें जामीन कोणता दिला, त्याच्या कामावर सरकारचा कारकून बसे कीं नाहीं, सिक्क्याचे खिळे रात्रीं कोणाच्या ताब्यांत राहत, कसूर झाल्यास मक्ता मोडण्याचा अधिकार कोणाचा, हीं कलमें एकेक वेचून काढावीं व युरोच्या नियमांशेजारीं मांडावीं. ज्यांची नजर अद्याप मोडीवर सहज ठरते अशा तरुण अभ्यासकांनीं हें काम हातीं घ्यावें. आरंभ नागोठणें व रेवदंडा येथील मक्त्यांपासून करावा.